किशोरवयातील मूर्च्छा : निदानाचा अवघड मार्ग

बहुतेक आजारांमध्ये रुग्ण जेव्हा डॉक्टरांसमोर येतो, तेव्हा त्याच्यासोबत त्याचा आजारही आलेला असतो. ताप असेल तर तापमापक तो दाखवतो. हाड मोडले असेल तर क्ष-किरण चित्र ते सांगते. मूर्च्छेचे तसे नाही. शाळेच्या प्रार्थनासभेत कोसळलेली पंधरा वर्षांची मुलगी दवाखान्यात पोहोचते तेव्हा ती पूर्ण शुद्धीवर असते, तिचा रक्तदाब आणि नाडी सुरळीत असते आणि बऱ्याचदा तिलाच झाल्या प्रकाराचा संकोच वाटत असतो. डॉक्टरांना तपासावयाचा असतो तो भूतकाळातील एक मिनिट. ते मिनिट त्यांनी पाहिलेले नसते, मुलीला ते आठवत नसते आणि ज्यांनी पाहिलेले असते त्या मैत्रिणी किंवा शिक्षिका सहसा सोबत आलेल्या नसतात.

यामुळेच वारंवार येणाऱ्या व कारण न कळलेल्या मूर्च्छेचे निदान ही केवळ वैद्यकीय बाब राहत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेपर्यंतची साखळी कशी चालते, तपासणीचा खर्च कोण उचलतो आणि एका चुकीच्या शब्दाची किंमत कुटुंबाला कशी मोजावी लागते, हे सारे प्रश्न तिच्याशी जोडलेले आहेत. चंडीगढ हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे शहर आहे.

मूर्च्छा म्हणजे नेमके काय?

मेंदूचा रक्तपुरवठा तात्पुरता घटल्यामुळे अल्पकाळ शुद्ध हरपणे, शरीराचा तोल सुटणे आणि कोणत्याही उपचाराविना आपोआप पूर्ण शुद्धीवर येणे, यास वैद्यकशास्त्रात मूर्च्छा म्हणतात. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असले तरी विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो आणि त्याचा साठा मात्र करू शकत नाही. रक्तप्रवाह सहा ते आठ सेकंद थांबला तरी शुद्ध हरपते.

किशोरवयात सर्वाधिक आढळणारा प्रकार प्रतिक्षेपी मूर्च्छेचा होय. मनुष्य उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पायांकडे व पोटाकडे उतरते. सामान्यतः रक्तवाहिन्या आकुंचन पावून आणि हृदयाची गती वाढून ही उणीव भरून निघते. परंतु दीर्घकाळ ताटकळत उभे राहणे, उकाडा, उपास, रक्त किंवा सुई दिसणे, तीव्र वेदना अशा प्रसंगी काही व्यक्तींमध्ये ही यंत्रणा एकदम उलट दिशेने काम करते. व्हेगस या मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब घसरतो. ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ सर टॉमस लुईस यांनी १९३२ मध्ये यासाठी ‘व्हॅसोव्हेगल’ ही संज्ञा रूढ केली. कोसळण्यापूर्वी डोळ्यांपुढे अंधारी येणे, घाम सुटणे, मळमळणे, कानांत गुंजारव होणे, चेहरा पांढराफटक पडणे ही तिची ओळखीची लक्षणे आहेत.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. जमिनीवर आडवे होणे हाच या मूर्च्छेवरील निसर्गाचा उपचार आहे; रक्त पुन्हा मेंदूकडे वाहू लागते आणि काही सेकंदांत शुद्ध येते. आपल्याकडे मात्र चार जण धावून मुलीला बसते करतात, नाकाशी कांदा किंवा चप्पल धरतात आणि तोंडात पाणी ओततात. बसते केल्याने मूर्च्छा लांबते, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते आणि शुद्ध आल्याचे श्रेय कांद्याला मिळते. मुलीला आडवे ठेवून तिचे पाय थोडे उंच करणे एवढेच पुरेसे असते.

चंडीगढ आणि त्यामागील प्रदेश

पंजाबचे तत्कालीन मुख्यमंत्री प्रतापसिंग कैराँ यांच्या काळात, १९६२ मध्ये, चंडीगढ येथे पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था स्थापन झाली. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना होऊन चंडीगढ केंद्रशासित प्रदेश बनले. त्याच वर्षी संसदेने संमत केलेल्या अधिनियमान्वये १ एप्रिल १९६७ पासून ही संस्था राष्ट्रीय महत्त्वाची स्वायत्त संस्था झाली. ‘पीजीआय’ या नावाने ती उत्तर भारतात घरोघरी परिचित आहे. सेक्टर १२ मधील तिच्या बाह्यरुग्ण विभागात पंजाब, हरयाणा, हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर, उत्तराखंड आणि पश्चिम उत्तर प्रदेशातून दररोज हजारो रुग्ण येतात. शहरात सेक्टर १६ चे शासकीय रुग्णालय आणि सेक्टर ३२ चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तरीही दूरच्या जिल्ह्यातील कुटुंब ‘मोठ्या डॉक्टरांना दाखवायचे’ म्हणून थेट पीजीआय गाठते, आणि तेथे पहिला प्रश्न उभा राहतो तो कोणत्या विभागाची चिठ्ठी काढायची हा. मेंदूविकार, हृदयविकार, बालरोग की मानसोपचार?

हा प्रश्न बऱ्याचदा एका शब्दावर सुटतो. पंजाबी आणि हिंदीत ‘दौरा पडला’ असे म्हणतात. हृदयविकाराचा झटका असो वा अपस्माराचा, दोन्हींसाठी हाच शब्द चालतो. मराठीत भोवळ, घेरी, मूर्च्छा, आकडी, फेफरे असे वेगवेगळे शब्द असून जुन्या पिढीत त्यांचा वापरही बराच नेमका होता. आता मात्र आपणही सरसकट ‘फिट आली’ म्हणून मोकळे होतो. तक्रार ज्या शब्दात सांगितली जाते, त्या शब्दाच्या दिशेने पुढील तपासण्या सुरू होतात. ‘फिट’ म्हटले की मेंदूचा आलेख आणि सीटी स्कॅन, ‘चक्कर’ म्हटले की लोहाच्या गोळ्या. हृदयाकडे लक्ष जाण्याचा प्रसंग या दोन्ही वाटांवर क्वचितच येतो.

आकडी की मूर्च्छा?

मूर्च्छित व्यक्तीचे हातपाय झटकत असतील तर ती आकडीच, असा सार्वत्रिक समज आहे. १९९४ मध्ये जर्मनीतील लेम्पर्ट व सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांमध्ये मुद्दाम मूर्च्छा घडवून तिचे चित्रीकरण केले. पूर्णपणे मूर्च्छित झालेल्या ४२ जणांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या स्नायूंना झटके आले होते आणि शुद्ध हरपण्याचा काळ सरासरी १२ सेकंद होता. बहुतेकांचे डोळे उघडे होते. म्हणजे झटके येणे आणि डोळे फिरणे हे साध्या मूर्च्छेतही घडते. फरक शोधावा लागतो तो अन्यत्र. अपस्मारात झटके सहसा एक-दोन मिनिटे टिकतात, चेहरा पांढरा पडण्याऐवजी निळसर होतो, जिभेची कड चावली जाते आणि त्यानंतर बराच वेळ भान हरपल्यासारखी, गोंधळलेली अवस्था राहते. मूर्च्छेतून उठलेली मुलगी थकलेली असली तरी आपण कोठे आहोत हे तिला लगेच कळते. कपड्यांत लघवी होणे मात्र दोन्हींत घडू शकते. त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

मेंदूचा विद्युत आलेख निर्णायक ठरेल, ही अपेक्षाही पूर्णतः खरी नाही. जर्मन शास्त्रज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचा पहिला आलेख नोंदवला. आज ही तपासणी जिल्हा पातळीवरही उपलब्ध आहे. परंतु अपस्मार असलेल्या व्यक्तीचा आलेख दोन झटक्यांच्या मधल्या काळात सामान्य येऊ शकतो, तर अगदी निरोगी मुलांपैकी काहींच्या आलेखात दोष दिसतो. वर्णन मूर्च्छेचे असताना केवळ आलेखातील किंचित दोषावरून अपस्माराची औषधे सुरू करणे म्हणूनच धोक्याचे असते.

चंडीगढ परिसरात या प्रश्नाला आणखी एक स्थानिक बाजू आहे. डुकराच्या मांसातून पसरणाऱ्या फीतकृमीची अंडी पोटात गेल्यास त्याच्या अळ्या मेंदूत गाठी करून राहतात. न्यूरोसिस्टिसर्कोसिस नावाचा हा विकार मुलांमधील आकडीचे एक प्रमुख कारण आहे. ही अंडी कृमीग्रस्त माणसाच्या विष्ठेतून दूषित पाण्यात व भाजीपाल्यात पोहोचतात, त्यामुळे संपूर्ण शाकाहारी कुटुंबातील मुलालाही हा विकार होतो. उघड्यावरील शौचाच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. सीटी स्कॅनमध्ये दिसणारी अशी एकच लहान गाठ पूर्वी भारतात क्षयाची समजली जाई आणि मुलांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयातील चांडी, राजशेखर व सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून तपासल्या आणि त्यांतील बऱ्याचशा कृमीच्या असल्याचे १९८९ मध्ये दाखवून दिले. पीजीआयच्या बालरोग विभागात प्रतिभा सिंघी व सहकाऱ्यांनी अल्बेंडाझोल या औषधाची मुलांमधील नियंत्रित चाचणी केली. तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

या इतिहासामुळे उत्तर भारतातील डॉक्टरांच्या मनात कोसळलेल्या मुलाच्या बाबतीत कृमीचा विचार प्रथम येणे स्वाभाविक आणि योग्य आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. ज्या प्रदेशात हा विकार सर्रास आढळतो, तेथे जुनी, कॅल्शियम साचलेली, निरुपद्रवी गाठ अनेकांच्या मेंदूत असू शकते. स्कॅनमध्ये ती दिसली म्हणजे मूर्च्छेचे कारण सापडले असे होत नाही. सापडलेल्या गोष्टीला कारण मानण्याचा मोह निदानशास्त्रात सर्वांत जुना असावा.

अपस्माराचा शिक्का बसण्याचे परिणाम केवळ औषधांपुरते राहत नाहीत. व्हॅल्प्रोएटसारखे औषध पुढे गर्भारपणात बाळाला अपायकारक ठरते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये अपस्माराच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांचा विवाहास बाधक म्हणून उल्लेख होता. विवाह कायदे (सुधारणा) अधिनियम, १९९९ ने तो वगळला. कायद्यातून शब्द गेला, पण स्थळे पाहणाऱ्यांच्या बैठकीतून तो गेला नाही. अठराव्या वर्षी वाहन परवान्यासाठी अर्ज करताना केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना १ भरावा लागतो. त्यात अपस्मार किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपणे वा घेरी येणे याविषयी स्वयंघोषणा करावी लागते. निदान अपुरे असलेल्या तरुणाने तेथे काय लिहावे?

हृदयाची बाजू

१८५६ मध्ये लाइपझिग येथील डॉक्टर मायस्नर यांनी एका मूकबधिर मुलीची हकिगत नोंदवली. शाळेत मुख्याध्यापकांसमोर बोलावताच ती कोसळून मरण पावली. आईवडिलांना दुःख झाले, आश्चर्य मात्र वाटले नाही. कारण तिची दोन भावंडेही तीव्र भीती व संतापाच्या क्षणी अशीच गेली होती. हा प्रकार नेमका काय असावा, हे कळण्यास एक शतक लागले. १९५७ मध्ये नॉर्वेतील यर्वेल आणि लांगे-निल्सन यांनी एका कुटुंबाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातील सहापैकी चार मुले जन्मतः बहिरी होती, त्यांना वारंवार मूर्च्छा येत असे आणि त्यांपैकी तिघे अनुक्रमे ४, ५ व ९ व्या वर्षी अचानक दगावली होती. त्यांच्या हृदयाच्या आलेखात क्यूटी हे अंतर असाधारण लांबलेले होते. बहिरेपणा नसलेला याच विकाराचा अधिक आढळणारा प्रकार रोमानो यांनी १९६३ मध्ये आणि वॉर्ड यांनी १९६४ मध्ये नोंदवला. सुमारे दोन हजार जन्मांमागे एकास हा दोष असतो, असा अंदाज आहे.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचे स्नायू विद्युतदृष्ट्या पूर्वस्थितीत येतात. पेशींच्या आवरणातील पोटॅशियम किंवा सोडियमच्या वाहिन्यांत जनुकीय दोष असल्यास ही क्रिया लांबते आणि त्या नाजूक क्षणी हृदय अतिवेगाने थरथरू लागते. मेंदूला रक्त मिळेनासे होते. थरथर आपोआप थांबली तर ती ‘मूर्च्छा’ ठरते, थांबली नाही तर मृत्यू. मेंदूला रक्त न मिळाल्याने हातपायही झटकतात, म्हणूनच असे अनेक रुग्ण वर्षानुवर्षे अपस्माराची औषधे घेत राहतात. जनुकाच्या प्रकारानुसार निमित्तही बदलते : एका प्रकारात धावणे आणि विशेषतः पोहणे, दुसऱ्यात गजराच्या घड्याळाचा किंवा फोनचा अचानक आवाज, तिसऱ्यात झोप.

त्यामुळे पालकांना विचारावयाचे प्रश्न फार साधे, पण निर्णायक असतात. मुलगी उभी असताना कोसळली की पळताना? आडवी असताना कधी असे झाले का? आधी घेरी, मळमळ असा काही इशारा मिळाला होता का? छातीत धडधडले होते का? घराण्यात कोणी तरुणपणी अचानक मरण पावले आहे का, चांगले पोहता येत असूनही कोणी बुडाले आहे का? यातील एकाही प्रश्नाचे उत्तर संशयास्पद असेल तर ‘वयात येताना असे होतेच’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार कोणालाही नाही. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकारही खेळताना कोसळण्याचे महत्त्वाचे कारण असून तो इकोकार्डिओग्राफीने ओळखता येतो.

हृदयाचा विद्युत आलेख म्हणजेच ईसीजी. त्याच्या शोधासाठी विलेम आइन्थोवेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तालुक्याच्या रुग्णालयातही तो निघतो, पाच मिनिटे लागतात आणि वेदना होत नाही. अडचण आहे ती वाचनाची. क्यूटी अंतर हृदयाच्या गतीनुसार बदलते. म्हणून १९२० पासून प्रचलित असलेल्या बॅझेटच्या सूत्राने, म्हणजे दोन ठोक्यांमधील अंतराच्या वर्गमुळाने भागून, ते दुरुस्त करावे लागते. यंत्राने छापलेल्या आकड्यावर विसंबून चालत नाही. पट्टी घेऊन हाताने मोजावे लागते. दुरुस्त अंतर वारंवार ४८० मिलिसेकंद किंवा अधिक भरले तर निदान पक्के होते. कारण न सापडलेली मूर्च्छा सोबत असेल तर ४६० देखील दुर्लक्षिण्याजोगे नसते. दोष सापडल्यास उपचार मोठ्या प्रमाणावर बीटा-रोधक औषधांनी होतो. त्यांतील प्रोप्रॅनोलॉल स्वस्त असून राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहे. उलटीसाठीचे ऑन्डान्सेट्रॉन किंवा डॉम्पेरिडोन, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविके अशा मुलांना धोक्याची ठरतात, आणि अशी औषधे आपल्याकडे औषधांच्या दुकानात बहुधा चिठ्ठीविना मिळतात.

हा दोष नेहमीच्या प्रकारात पालकाकडून अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. एका मुलीचे निदान हे पर्यायाने तिच्या भावंडांचे आणि आईवडिलांचेही निदान असते.

‘अशक्तपणा’ आणि ‘नाटक’

या दोन शब्दांनी असंख्य चौकशा अर्ध्यावर थांबवल्या आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयग्रस्त आहेत. साहजिकच मूर्च्छा येणाऱ्या कोणत्याही मुलीच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी सापडण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. रक्तक्षयामुळे मूर्च्छेची प्रवृत्ती वाढू शकते आणि त्यावर उपचार झालाच पाहिजे. परंतु त्यामुळे हृदयाचा आलेख काढण्याचे कारण संपत नाही.

दुसरा शब्द अधिक क्लेशदायक आहे. काही मुलांमध्ये शुद्ध हरपल्यासारखी अवस्था मानसिक ताणातून येते. डोळे घट्ट मिटलेले असतात, प्रसंग कित्येक मिनिटे चालतो, दिवसातून अनेकदा घडतो आणि त्या वेळी रक्तदाब, नाडी व मेंदूचा आलेख सामान्य असतो. हे सोंग नव्हे. मुलाच्या इच्छेवर ते अवलंबून नसते. शिकवणी वर्गांसाठी प्रसिद्ध असलेल्या चंडीगढच्या सेक्टर ३४ सारख्या भागात परीक्षेच्या हंगामात याचा विचार करावाच लागतो. त्याच हंगामात जागरण, न्याहारी टाळणे आणि पाणी कमी पिणे यांमुळे साधी मूर्च्छाही वाढते, त्यामुळे कारण ताणच असणार हे गृहीत धरून चालत नाही.

तपासणीचा खर्च आणि सार्वजनिक व्यवस्था

बारकाईने घेतलेली हकिगत, आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांपर्यंत मोजलेला रक्तदाब व ईसीजी, एवढ्यावर मोठ्या संख्येने रुग्णांचे निदान होते. उभे राहिल्यावर वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी घसरला तर स्थितिजन्य अल्परक्तदाब ठरतो. किशोरवयात रक्तदाब न घसरता दहा मिनिटांत हृदयगती मिनिटाला ४० ठोक्यांनी वाढणे, हा त्रास दीर्घकाळ चालू असल्यास, वेगळ्या विकाराचे लक्षण मानले जाते. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये मूर्च्छेच्या निदानासाठी पुढे आलेली झुकत्या मेजावरील चाचणी आणि चोवीस तासांची होल्टर नोंद या पुढच्या पायऱ्या होत. महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच कोसळणाऱ्या मुलाच्या बाबतीत एका दिवसाच्या होल्टरमध्ये काहीच सापडत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

यातील जवळजवळ सर्व काही बाह्यरुग्ण म्हणून होते, आणि नेमकी येथेच आपल्या विमाव्यवस्थेची मर्यादा दिसते. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. पण ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आणि दाखल होण्यापूर्वीच्या तीन दिवसांच्या तपासण्यांसाठी असते. शोध चालू असलेल्या आजाराला त्यात जागा नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, ही निश्चितच प्रगती होय. तरीही हिमाचलमधून चार वेळा चंडीगढला येणाऱ्या कुटुंबाचे बसभाडे, धर्मशाळा आणि बुडालेली मजुरी यांचा भार त्यालाच उचलावा लागतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रात पालघर येथून झाला. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात दोष, कमतरता, आजार व विकासातील विलंब फिरत्या पथकांद्वारे शोधणे हे त्याचे काम आहे. त्याच्या यादीत आकडीचे विकार आहेत, संधिवातजन्य हृदयविकार आहे आणि जन्मजात बहिरेपणाही आहे. बहिरेपणाच्या नोंदीचा उपयोग मायस्नर यांच्या त्या मुलीसारख्या मुलांसाठी करता येईल : जिल्हा प्रारंभिक हस्तक्षेप केंद्रात येणाऱ्या प्रत्येक जन्मजात बहिऱ्या मुलाचा एक ईसीजी काढणे हे खर्चाच्या मानाने फार फलदायी पाऊल ठरू शकते. जपानने १९७३ मध्ये शाळांमधील हृदयतपासणी कायद्याने आवश्यक केली. आपल्याकडे सरसकट सर्व विद्यार्थ्यांचा आलेख काढणे आज व्यवहार्य वाटत नाही. विकार विरळ असल्याने खोटे इशारे खूप निघतील आणि त्यांची शहानिशा करण्यास पीजीआयसारख्या संस्थांचे मनुष्यबळ अपुरे पडेल. ज्यांना मूर्च्छा येऊन गेली आहे त्यांच्यापुरते मात्र हे बंधन घालता येण्यासारखे आहे.

ई-संजीवनी ही दूरवैद्यक सेवा चंडीगढला लागून असलेल्या मोहालीतील प्रगत संगणन विकास केंद्राने तयार केली. डॉक्टर ते डॉक्टर सल्ल्याची सोय २०१९ मध्ये आणि रुग्णाने घरबसल्या सल्ला घेण्याची सोय एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. मूर्च्छेच्या बाबतीत ती विशेष उपयोगी आहे, कारण येथे हाताने तपासण्यापेक्षा ऐकण्याचे आणि पाहण्याचे काम अधिक असते. गावातील केंद्रावर काढलेला आलेख तज्ज्ञाकडे त्याच दिवशी पोहोचू शकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आज प्रत्येक वर्गाच्या आसपास एक तरी मोबाइल फोन असतो. मुलीला सुरक्षित आडवे केल्यानंतर कोणी अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण केले, किती वेळ गेला हे घड्याळात पाहिले आणि तिचा चेहरा पांढरा होता की निळा, डोळे उघडे होते की मिटलेले, हे शाळेच्या नोंदवहीत त्याच दिवशी लिहिले, तर ते डॉक्टरांना न दिसलेले मिनिट त्यांच्यापर्यंत पोहोचते. घरी न्यावयाच्या कागदांत ही नोंद, आजवरच्या सर्व औषधांची नावे आणि दोन्ही घराण्यांतील अकाली मृत्यूंची माहिती असली, तर सेक्टर १२ च्या खिडकीवर चिठ्ठी कोणत्या विभागाची काढायची, हा प्रश्न बहुधा गावातच सुटलेला असतो.